जुनी पायगाडी आणि माणसाचें माप

माणसानें निर्माण केलेलीं बहुतेक यंत्रें त्याच्यासमोर उभीं राहतात. मागाशीं किंवा छापखान्याच्या यंत्राशीं माणसाचा संबंध हाताचा आणि डोळ्याचा; काम संपलें कीं तो बाजूस होतो. बायसिकलची गोष्ट निराळी आहे. तिला इंजिन नाहीं. इंजिनाची जागा स्वाराच्या पायांनीं भरून काढावयाची असते. त्यामुळें स्वार हा तिचा मालक असला तरी त्याबरोबरच तो तिचा एक भागहि असतो. यंत्राचा एक भाग दुसऱ्याशीं नीट बसला नाहीं म्हणजे जें होतें तेंच येथेंहि होतें. घर्षण वाढतें, शक्ति वायां जाते आणि अखेर कांहींतरी झिजतें. लोखंडी भाग झिजला तर बाजारांत दुसरा मिळतो. गुडघा झिजला तर तो इतक्या सहज मिळत नाहीं.

ह्या गोष्टीचा इतिहास पाहण्यास वऱ्हाडांतील हिवरखेडसारखें गांव फार सोयीचें आहे. हिवर हें त्या मुलखांतलें कांटेरी झाड, आणि त्याचें नांव धारण करणारीं गांवें तेथें अनेक आहेत. एक हिवरखेड अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यांत आहे, दुसरें अकोला जिल्ह्याच्या तेल्हारा तालुक्यांत. हें दुसरें गांव सातपुड्याच्या पायथ्याशीं वसलेलें असून त्याच्या पूर्वेस सुमारें वीस किलोमीटरवर अकोट आणि दक्षिणेस दहा-बारा किलोमीटरवर तेल्हारा आहे. बाजार, कचेरी, दवाखाना, मोठी शाळा ह्यांच्यासाठीं माणसाला नेमकें एवढेंच अंतर तुडवावें लागतें. पायीं जावें तर दिवस मोडतो, बैलगाडी जुंपावी तर शेतीचें काम अडतें. वीस किलोमीटर हा बायसिकलचा प्रांत होय. अकोला-खांडवा मीटरगेज लोहमार्ग ह्याच बाजूनें जात असे. त्याचा अकोट-खांडवा भाग २०१७ सालीं रुंदीकरणासाठीं बंद झाला. पण आगगाडी वेळापत्रकाप्रमाणें धांवते आणि दुचाकी गरजेप्रमाणें, त्यामुळें आगगाडी होती तेव्हांहि दुचाकीची गरज संपलेली नव्हती.

अशा गांवांत अजूनहि एखाद्या ओसरीवर भिंतीला टेकून उभी असलेली काळी, उंच, लोखंडी सायकल आढळते. आजोबांनीं घेतलेली, वडिलांनीं वापरलेली, आणि आतां नातवाला जड वाटणारी. ती मोडलेली नसते, पण तिच्यावर बसलें म्हणजे पाठ दुखते, मनगटें भरून येतात, गुडघे बोलूं लागतात. घरचीं माणसें म्हणतात कीं गाडीच तशी आहे. हें म्हणणें कितपत खरें, हें ठरविण्यासाठीं ती गाडी कोणाच्या मापानें बनली होती हें आधीं पाहावें लागेल.

बायसिकलचा जन्म मापाच्या प्रश्नाबरोबरच झाला. १८१७ सालीं जर्मनींतील मानहाइम शहरीं कार्ल फॉन ड्राइस ह्या गृहस्थानें दोन चाकांचें एक लांकडी वाहन चालवून दाखविलें. त्याला पायडल नव्हतें. स्वार मध्यें बसून जमिनीला पाय मारीत पुढें जाई. पाय जमिनीला पोंचलेच पाहिजेत, हा ह्या वाहनाचा पहिला नियम होता. १८६० नंतर पॅरिसमध्यें मिशो ह्याच्या कारखान्यांत पुढच्या चाकाच्या आंसालाच पायडलें बसविण्यांत आलीं. लोखंडी धांवेच्या त्या गाडीला इंग्रज लोक 'हाडें खिळखिळीं करणारी' असेंच म्हणत.

ह्या रचनेंत एक अडचण दडलेली होती. पायडल चाकालाच जोडलेलें असल्यामुळें पायाच्या एका फेऱ्यांत चाकाचाहि एकच फेरा होई. अधिक वेग हवा असेल तर चाक मोठें करण्यावांचून गत्यंतर नव्हतें. म्हणून १८७० सालीं कॉव्हेंट्रीच्या जेम्स स्टार्ले व विल्यम हिलमन ह्यांनीं आपली 'एरियल' गाडी काढल्यानंतर पुढचें चाक वाढतच गेलें. तें किती वाढवावें ह्याची मर्यादा कारागिराच्या हातीं नव्हती. ती स्वाराच्या पायाच्या लांबीनें ठरे. शिंप्याकडे कापड मापून घ्यावें तसें दुकानांत स्वाराची मांड मोजीत आणि त्या मापाचें चाक देत. उंच माणसाला मोठें चाक म्हणून अधिक वेग, आणि ठेंगण्या माणसाच्या नशिबीं कमी वेग, असा हा रोकडा व्यवहार होता. अमेरिकेचा थॉमस स्टीव्हन्स ५० इंची चाकाची अशीच गाडी घेऊन १८८४ सालीं जगप्रवासास निघाला आणि १८८६ सालीं लाहोरपासून कलकत्त्यापर्यंत ग्रँड ट्रंक रस्त्यानें गेला. ती गाडी तिच्या धन्याखेरीज दुसऱ्या उंचीच्या माणसाला फारशी उपयोगाची नव्हती. वडिलांची गाडी मुलाला चालत नसे. भावाची भावाला चालेल अशी खात्री नसे.

हें बंधन तोडलें तें साखळीनें. १८८५ सालीं कॉव्हेंट्रीच्याच जॉन केंप स्टार्ले ह्यानें 'रोव्हर सेफ्टी' नांवाची गाडी पुढें आणली. तिचीं दोन्ही चाकें जवळजवळ सारखीं होतीं आणि पायडलांची गति साखळीच्या द्वारें मागच्या चाकास मिळे. आतां वेग दातेरी चक्रांच्या प्रमाणावर अवलंबून राहिला. पायाच्या लांबीशीं त्याचा संबंध उरला नाहीं. ठेंगणा माणूसहि उंच माणसाइतक्या वेगानें जाऊं शकला. सामान्यतः रोव्हरचें श्रेय ती पडण्यापासून सुरक्षित होती म्हणून दिलें जातें. परंतु तिच्या निर्मात्याच्या मनांत आणखी एक हेतु होता. १८९८ सालीं लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सपुढें केलेल्या भाषणांत त्यानें तो स्पष्ट केला. स्वार जमिनीपासून योग्य अंतरावर असावा, बैठक पायडलांच्या संबंधांत योग्य जागीं असावी, आणि हँडलें बैठकीच्या संबंधांत अशीं असावीं कीं कमींत कमी श्रमांत अधिकांत अधिक जोर पायडलांवर पडावा, असा त्याच्या सांगण्याचा आशय होता. म्हणून खोगीराचा दांडा आणि हँडलाचा दांडा हे दोन्ही वरखालीं सरकविण्याची सोय करण्यांत आली. आज रस्त्यावर दिसणाऱ्या प्रत्येक सायकलींत खोगीराखालीं जो एक नट असतो, त्याच्या मागें हा विचार आहे. एकच यंत्र अनेक माणसांना बसावें, ही बायसिकलच्या इतिहासांतील मोठी लोकशाही कल्पना त्या लहानशा नटांत सांठविलेली आहे.

१८८८ सालीं बेलफास्टच्या डनलॉपनें हवेची धांव काढली आणि गाडीचे धक्के कमी झाले. बर्मिंगहॅमच्या ब्रुक्स कंपनीनें ताणलेल्या चामड्याचें खोगीर लोकप्रिय केलें; तें चामडें वापरानें स्वाराच्या शरीराचा आकार घेतें. स्त्रियांना पायघोळ वस्त्रांत बसतां यावें म्हणून वरची दांडी खालीं वांकविलेल्या गाड्या निघाल्या. त्याच काळांत कमरेंत वांकून वेगानें जाणाऱ्या तरुणांच्या पाठीला पोंक येईल अशी चिंता युरोपांतील डॉक्टर व्यक्त करूं लागले. म्हणजे बसावें कसें, हा वादहि बायसिकलइतकाच जुना आहे.

मराठी मुलखांत हें वाहन आलें तें प्रथम साहेबाचें आणि श्रीमंताचें म्हणून. पण त्याच्याकडे यंत्र म्हणून पाहणारा मराठी माणूस लवकरच पुढें आला. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें शिकविणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर ह्यांनीं मुंबईंत बायसिकल पाहिली आणि बंधु रामूअण्णा ह्यांच्या साह्यानें बेळगांवीं गाड्यांचें दुकान काढलें. १८८८ हें वर्ष त्या उद्योगाच्या आरंभाचें मानलें जातें. लक्ष्मणरावांनीं मुंबईहून गाड्या पाठवाव्या आणि रामूअण्णांनीं त्या बेळगांवीं विकून गिऱ्हाइकाला बसावयास शिकवावें, असा प्रघात होता. हा तपशील लहान दिसला तरी महत्त्वाचा आहे. त्या काळचा विक्रेता गाडी देऊन मोकळा होत नसे. माणूस व गाडी ह्यांची सांगड घालून देणें हें तो आपलें काम समजे. पुढें ह्याच घराण्यानें लोखंडी नांगर केला आणि १९१० सालीं औंध संस्थानांत किर्लोस्करवाडी वसविली. मराठी यंत्रोद्योगाच्या एका मोठ्या घराण्याचा आरंभ बायसिकलच्या दुकानांत झाला, ही गोष्ट विसरण्यासारखी नाहीं.

वऱ्हाडांत बायसिकल शिरली ती कापसाच्या वाटेनें. १८५३ सालीं निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखालीं आलेल्या ह्या प्रांतांतून १८६७ सालीं ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे नागपूरपर्यंत पोंचली. अकोला, खामगांव, अमरावती ह्या पेठा कापसानें भरूं लागल्या. 'वऱ्हाड म्हणजे सोन्याची कुऱ्हाड' ही म्हण त्या सुबत्तेचीच साक्ष देते. सरकी काढण्याचे व गांठी दाबण्याचे कारखाने निघाले. त्यांच्याबरोबर कारकून, मुकादम, दलाल, शिक्षक, तारवाला, टपालवाला हा नवा फिरता वर्ग आला. ज्याला घोडा परवडत नाहीं आणि ज्याचें काम पायीं भागत नाहीं असा हा वर्ग. बायसिकल त्याच्यासाठींच जणूं जन्मली होती. दोन महायुद्धांच्या मधल्या काळांत रॅले, बी. एस. ए., हर्क्युलिस, फिलिप्स हीं इंग्रजी नांवें शहरांतून खेड्यांत गेलीं. त्यांच्या मागोमाग स्वस्त जपानी मालहि आला. लग्नांत घड्याळाबरोबर सायकल मागण्याची रीति पडली, आणि ती अनेक मुलींच्या बापांना जाचक ठरली हेंहि येथें नमूद केलें पाहिजे.

ही जी गाडी आली तिची घडण पाहण्यासारखी आहे. २८ इंची चाकें, जाड नळ्या, मागें कललेला सांगाडा, सळयांचे ब्रेक, साखळीवर पत्र्याचें झांकण आणि स्प्रिंगांचें रुंद खोगीर. खडबडीत रस्त्यावर ती डगमगत नसे. काळ्या मातीच्या चाकोरींतूनहि मोठें चाक पार होई. पावसाळ्यांत मात्र त्याच मातीचा लोण्यासारखा चिखल मडगार्डांत दाटून चाक फिरेनासें होई, आणि बाभळीचे व हिवराचे कांटे बारमास ट्यूबच्या मुळावर उठलेले असत. हे दोष मुलखाचे होते. गाडीचा स्वतःचा दोष दुसराच होता, आणि तो तिच्या मापांत होता.

पुरुषांच्या गाडीचा सांगाडा मुख्यतः २२ आणि २४ इंच अशा दोन मापांत येई. पायडलांच्या आंसाच्या मध्यापासून खोगीराची नळी जेथें संपते तेथपर्यंतचें हें अंतर. २४ इंच म्हणजे ६१ सेंटिमीटर. ह्यावर खोगीराची व त्याच्या स्प्रिंगांची उंची तीनचार इंच धरली, तर खोगीर अगदीं खालीं दाबून बसविलें तरी स्वाराची बैठक आंसापासून ६९-७० सेंटिमीटरच्या खालीं येत नाहीं. आतां माणसाचें माप घेऊं. पांच फूट चार इंच उंचीच्या माणसाची मांड, म्हणजे अनवाणी उभें राहिलें असतां दोन पायांच्या सांध्यापासून जमिनीपर्यंतचें अंतर, साधारणपणें ७५ सेंटिमीटरच्या आसपास असतें. अशा स्वाराला बैठक आंसापासून सुमारें ६६ सेंटिमीटरवर हवी. म्हणजे २४ इंची गाडींत खोगीर जितकें खालीं येऊं शकतें, त्याहूनहि तें तीनचार सेंटिमीटर खालीं पाहिजे. नट कितीहि सैल केला तरी हें अंतर भरून निघत नाहीं. स्टार्लेनें दिलेली वरखालीं करण्याची सोय येथें संपली, कारण सांगाडाच परक्या उंचीचा होता.

मग २४ इंची गाड्या खपल्या कां? कारण उंच गाडी ही ऐटीची गाडी समजली जाई. घोडा जितका उंच तितका स्वार मोठा, ही जुनी समजूत लोखंडाच्या घोड्यालाहि लागू झाली. शिवाय गाडी एकदांच घ्यावयाची, घरांतल्या सर्वांनीं वापरावयाची, आणि मुलें पुढें उंच होणारच आहेत, असा हिशेब असे. परिणाम असा झाला कीं, यंत्र माणसाला बसण्याऐवजीं माणूसच यंत्राला बसूं लागला. स्वार खोगीरावर डावी-उजवीकडे झुलत पायडल मारी. खालच्या टोकाला पाऊल पोंचावें म्हणून टांच उचलून चवड्यावर येई. दिवसभराच्या फेरीनंतर कंबर कां धरते हें त्याला उमगत नसे, आणि तो दोष वयाला किंवा थंडीला देई.

लहान मुलांनीं तर ह्यावर स्वतःची तोड शोधून काढली. खोगीरावर न बसतां, वरच्या दांडीखालच्या त्रिकोणांतून उजवा पाय पलीकडे घालून, डाव्या हातानें हँडल आणि उजव्या हातानें दांडी किंवा खोगीर धरून, अर्धें पायडल मारीत तीं गाडी चालवीत. हिंदी मुलखांत ह्या रीतीला 'कैंची' म्हणतात. अंग एका बाजूस, गाडी दुसऱ्या बाजूस, आणि तोल मात्र मध्यें, अशी ती कसरत असे. तिच्यांत कौतुक करण्यासारखें पुष्कळ आहे, पण तिच्या मुळाशीं असलेली गोष्ट कौतुकाची नाहीं. मुलाच्या मापाची गाडी गांवांत नव्हती, हीच ती गोष्ट.

जी गाडी मापांत बसण्यासारखी आहे तिची जुळणी मात्र नीट करतां येते, आणि ती विद्या हिंदुस्थानांत शिकविली ती झाडाखालीं पेटी मांडून बसणाऱ्या मिस्त्रीनें. त्याच्याजवळ पुस्तक नव्हतें. एक पाना, हातोडी, लांकडाचा ठोकळा आणि तेलाची कुपी एवढीच सामुग्री. त्याची रीति अशी. स्वाराला भिंतीशीं टेकवून गाडीवर बसवावें, पायडल अगदीं खालीं आणावें आणि त्यावर टांच ठेवावयास सांगावें. टांच ठेवल्यावर पाय सरळ झाला पाहिजे. मग तेंच पाऊल चवड्यावर घेतलें म्हणजे गुडघ्याला थोडासा बांक राहतो. तोच योग्य बांक. गुडघा फार वांकत असेल तर खोगीर ठेंगणें आहे आणि सारा भार वाटीवर पडतो. कंबर इकडेतिकडे झुलत असेल तर खोगीर उंच आहे. कित्येक माणसें भीतीमुळें खोगीर खालीं ठेवतात, कारण बसल्या बसल्या दोन्ही पाय जमिनीस टेकावे असें त्यांना वाटतें. वास्तविक थांबतांना खोगीरावरून पुढें उतरून पाय टेकावयाचा असतो; खोगीरावर बसून टेकावयाचा नसतो. गुडघेदुखीच्या कित्येक तक्रारींचें मूळ ह्या एका गैरसमजुतींत सांपडतें.

मिस्त्रीच्या ह्या टांचेच्या नियमाला शास्त्रानें पुढें दुजोरा दिला. १९६७ सालीं इंग्लंडांतील हॅमले व टॉमस ह्या संशोधकांनीं असें दाखविलें कीं, खालच्या टोकाला असलेल्या पायडलापासून खोगीरापर्यंतचें अंतर मांडीच्या मापाच्या १०९ टक्के असतां स्वाराची शक्ति उत्तम कामीं येते. १९८० नंतरच्या दशकांत शर्यतपटूंमध्यें दुसरें एक सूत्र रूढ झालें. त्यांत मांडीच्या मापाला ०.८८३ नें गुणून आंसाच्या मध्यापासून खोगीराची उंची काढतात. ८० सेंटिमीटर मांड असेल तर पहिल्या रीतीनें ८७.२ सेंटिमीटर येतात. त्यांतून साडेसहा इंची क्रँकचे १६.५ वजा केले म्हणजे ७०.७ उरतात. दुसऱ्या रीतीनें उत्तर ७०.६ येतें. टांच टेकवून पाहणाऱ्या निरक्षर मिस्त्रीचें उत्तरहि ह्यांच्या आसपासच येई. परंपरेंतील प्रत्येक गोष्ट शास्त्रीय असते असें नाहीं; पण हजारों गुडघ्यांवर पारखून घेतलेला नियम सहसा चुकत नाहीं.

उंचीनंतर खोगीर पुढेंमागें घेण्याचा प्रश्न येतो. पायडलें आडवीं करून पुढच्या गुडघ्याच्या वाटीमागून गवंड्याचा ओळंबा सोडला, तर तो पायडलाच्या आंसाजवळ पडावा असा सर्वसाधारण नियम आहे. जुन्या गाडीचा सांगाडा मागें कललेला आणि स्वाराची बैठक सरळ, त्यामुळें तेथें ओळंबा थोडा मागें पडला तरी तें दूषण नव्हे. खोगीराचें नाक आडव्या रेषेंत असावें. तें खालीं झुकलें तर स्वार पुढें घसरतो आणि अंगाचा भार मनगटांवर येतो. वर उचललें तर नाजूक जागेस इजा होते. चामड्याचें खोगीर वर्षानुवर्षांच्या वापरानें झोळीसारखें लोंबतें. त्याच्या नाकाखालीं असलेला नट थोडाथोडा आवळून तें ताणतां येतें. पण एकदम फार आवळलें तर वाळलेलें चामडें फाटतें, म्हणून आधीं त्याला तेल पाजावें आणि मग घाई न करतां तें हळूहळू ताणावें.

हँडलाच्या बाबतींत जुन्या गाडीची एक खोड ध्यानांत ठेवली पाहिजे. हँडलाचा दांडा नळीच्या आंत पाचरीनें घट्ट धरलेला असतो. वरचा बोल्ट काढूनच टाकला तर पाचर आंत पडते. तो दोनचार फेरे सैल करावा, त्याच्या डोक्यावर लांकडाचा ठोकळा ठेवून हातोडीचा एक ठोका द्यावा, म्हणजे पाचर सुटते. गंज चढला असेल तर तेल किंवा रॉकेल सोडून एक रात्र वाट पाहावी. साध्या बैठकीसाठीं हँडलाच्या मुठी खोगीराच्या पातळीस किंवा तिच्याहून किंचित् वर असाव्या. कोंपर थोडें सैल राहिलें पाहिजे. परंतु हँडल हलविलें म्हणजे सळयांचे ब्रेकहि हलतात. हँडल वर केलें तर पुढच्या ब्रेकचे रबरी ठोकळे रिमला घासूं लागतात, आणि खालीं केलें तर ते रिमपर्यंत पोंचतच नाहींत. सळयांच्या जोडावरचे स्क्रू सैल करून लांबी पुन्हां जुळविल्याखेरीज गाडी रस्त्यावर नेणें म्हणजे संकटाला बोलावणें होय. त्याचप्रमाणें खोगीराचा किंवा हँडलाचा दांडा कितीहि वर घ्यावयाचा असला तरी निदान अडीच इंच तो नळीच्या आंत राहिला पाहिजे. नाहीं तर खड्ड्यांत तो मोडतो आणि स्वार तोंडघशीं पडतो.

अमरावतीस १९१४ सालीं वैद्य बंधूंनीं हनुमान आखाड्याची स्थापना केली. त्यांतूनच श्रीहनुमान व्यायाम प्रसारक मंडळ वाढलें आणि १९३६ सालीं त्याच्या पथकानें बर्लिन येथील ऑलिंपिकच्या वेळीं देशी व्यायामाचीं प्रात्यक्षिकें दाखविलीं. आखाड्यांतील पहिला धडा जोराचा नसून पवित्र्याचा असतो: पाऊल कोठें, कंबर कोठें, पाठ कशी. ज्या वऱ्हाडानें मल्लखांबावर हा विचार इतका बारकाईनें केला, त्याच वऱ्हाडांत सायकलवरच्या बैठकीचा विचार मात्र मिस्त्रीवर सोपविला गेला. व्यायाम प्रतिष्ठेचा आणि सायकल पोटापाण्याची, अशी विभागणी होती. आणि पोटापाण्याच्या श्रमांत शरीराची काळजी घ्यावी ही जाणीव आपल्या समाजांत फार उशिरां आली.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत आयात आंखडली आणि देशी कारखान्यांना वाव मिळाला. मुंबईची हिंद सायकल्स १९३९ पासून होतीच; १९४९ सालीं मद्रासेस टी. आय. सायकल्स, १९५१ सालीं सोनपतला ॲटलस, १९५२ सालीं आसनसोलला सेन-रॅले, १९५६ सालीं लुधियान्यास हीरो असे कारखाने उभे राहिले. गाडी देशी झाली, स्वस्त झाली, खेड्याखेड्यांत पोंचली. हें कार्य लहान नव्हे. पण सांगाड्याचें माप पुष्कळ काळ तेंच राहिलें. नांवें बदललीं, पत्र्यावरचीं चित्रें बदललीं, आणि इंग्रज माणसाच्या मापाची ती काळी गाडी स्वतंत्र देशांतहि दशकानुदशकें तशीच निघत राहिली. दुधाच्या चरव्या, कापसाचे बोचके, कडब्याचे भारे तिनें वाहिले. ती मजबूत होती, म्हणून तिला बदलण्याची निकड कोणास भासली नाहीं. तिच्यावर बसणाऱ्याची पाठहि तितकीच मजबूत असेल, असें जणूं गृहीत धरलेलें होतें.

ह्या हलगर्जीपणाची सर्वांत मोठी किंमत स्त्रियांनीं मोजली. वरच्या दांडीमुळें लुगडें नेसून त्या गाडीवर बसणें अशक्य, आणि दांडी नसलेली गाडी खेड्यांत दुर्मिळ. ७० सेंटिमीटर मांड असलेल्या मुलीला बैठक आंसापासून ६२ सेंटिमीटरवर हवी. घरांतली गाडी तिला ७० वर बसवूं पाहते. मग गांवांतल्या चौथीनंतर शाळा संपली तर ती मुलगी बुद्धीनें कमी पडली असें नव्हे. आठ सेंटिमीटरांनीं ती मागें राहिली, असेंहि कित्येकदां म्हणतां येईल. ज्या घरांत लहान सांगाड्याची, बिनदांडीची गाडी आली त्या घरांतली मुलगी पांच-सात किलोमीटरवरच्या हायस्कुलांत जाऊं लागली. महाराष्ट्र शासनाच्या मानव विकास कार्यक्रमांत मागास तालुक्यांतील विद्यार्थिनींना सायकली देण्याची योजना आली, तिच्या मुळाशीं हेंच व्यवहारी सत्य आहे. गाडी देणें हा त्यांतला अर्धा भाग झाला. ती तिच्या मापाची असणें व तिच्या मापाला जुळविलेली असणें, हा उरलेला अर्धा.

ओसरीवरच्या त्या काळ्या गाडीचा निवाडा आतां करतां येईल. प्रथम मांड मोजावी. तिला ०.८८३ नें गुणावें आणि खोगीर अगदीं खालीं असतां आंसापासून तें किती उंच राहतें हें पाहावें. उत्तर खोगीराच्या त्या नीचतम उंचीइतकें किंवा अधिक आलें, तर गाडी आपली आहे. नट, पाचर व सळया जुळविल्या कीं ती आणखी एक पिढी वाहील. थोडेंसेंच कमी आलें, तर स्प्रिंगांचें उंच खोगीर काढून ठेंगणें बसवितां येतें आणि त्या एकदोन इंचांवर काम भागतें. फारच कमी आलें, तर ती गाडी कितीहि प्रेमाची असली तरी दुसऱ्या कोणा उंच माणसाची आहे. तिला पुसून-पासून सांभाळावी, पण नातवाच्या गुडघ्यांवर तिचा भार टाकूं नये.

उंच चाकाच्या काळीं माणसाच्या पायाची लांबी त्याचा वेग ठरवी. साखळीनें तो अन्याय दूर केला आणि खोगीराखालच्या नटानें एक गाडी अनेकांची केली. एवढें करून शास्त्र थांबलें. त्या नटाला पाना लावण्याचें काम मात्र माणसावर सोपविलेलें आहे. आणि तें काम पांच मिनिटांचें आहे.